बाळाबाईची पायरी

१

मुलांनो, क्षणभर मनातल्या मनात डोळे मिटा. खरे मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं?

आता असं समजा, की तुम्ही तीन वर्षं एका कोड्याच्या मागे लागला आहात. धूळ खाल्ली, माळ्यांवर चढलात, कागदांची कपाटं उपसलीत. शेवटी उत्तर सापडलं, आणि ते एका काळ्या दगडावर कोरलेलं होतं. आज अकरा वाजता सात मोठी माणसं ते पाहायला येणार आहेत. तुम्ही सकाळी आठलाच जागेवर हजर होता. पाहता तर दगड आहे, पण उत्तर नाही!

तुम्ही काय कराल? रडाल? ओरडाल?

संयोगितानं खांद्यावरची पिशवी जमिनीवर आपटली आणि दात-ओठ खात म्हणाली, "शाब्बास! आता एवढंच राहिलं होतं."

संयोगिता कॉलेजात वास्तुकला शिकवायची आणि कोल्हापुरातल्या जुन्या तालमींवर प्रबंध लिहीत होती. कोणती पेठ कधी वसली आणि कशी वाढली, हे तिथल्या तालमीच्या भिंती सांगतात, असं तिचं म्हणणं. त्यातलीच ही एक, वडाची तालीम; ती कुणाच्या जागेवर, कधी उभी राहिली, हेच तिचं कोडं. जाड भिंती, ठेंगणं दार, आत तांबड्या मातीचा आखाडा. दाराशी एकच पायरी, काळ्या दगडाची.

पंधरा दिवसांपूर्वी संयोगितानं ती पायरी ब्रशानं घासून धुतली, तेव्हा तिच्यावर अक्षरं उमटली होती: 'बाळाबाई कोम तात्याजी हिणे तालमीस जागा दिल्ही शके १७८८'. कोम म्हणजे बायको. तात्याजीच्या बायकोनं, बाळाबाईनं, ही जागा तालमीला दिली आणि त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली. त्याखाली पायरीच्या कडेला कुणीतरी कधीकाळी सिमेंट थापून ठेवलं होतं, म्हणून दगडाचा तेवढा भाग दिसत नव्हता.

ही अक्षरं त्या सात जणांच्या वारसा समितीनं पाहिली, की तालीम शहराच्या वारसा यादीत जाणार होती. नाही पाहिली, तर ती पाडून खाली दुकानगाळे आणि वर हॉल बांधायचा ठराव तयारच होता. फोटो चालणार नव्हता. मागे कुणा महाभागानं एका गावचा शिलालेख दुसऱ्या गावच्या नावावर खपवला होता, तेव्हापासून समितीचा नियमच झाला होता: मूळ दगड, मूळ जागेवर, डोळ्यांनी पाहू.

आणि आता त्या पायरीवर एक अक्षर नव्हतं. गुळगुळीत दगडाच्या जागी नुसते छिन्नीचे खडबडीत घाव होते. कडेचं सिमेंटही फुटून गेलेलं.

"कुणीतरी अक्षरं छिलून टाकली," संयोगिता म्हणाली. तिच्यामागे बारा वर्षांची भैरवी उभी होती. "ऐकलंस का भैरवी? ज्यानं हे केलं त्याचं नाव मी पोलिसांत देणार. मग तो कुणीही असो. आणि या तालमीत पुन्हा पाऊल टाकू देणार नाही त्याला!"

भैरवी एक पाऊल मागे सरकली.

२

भैरवीची ओळख करून द्यायला हवी. ती कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीची. तिचे वडील रोज पहाटे शहरात दूध घालायला यायचे आणि किटल्यांच्या मध्ये भैरवीला बसवून आणायचे. ती कुस्ती शिकत होती. आसपासच्या चार तालमींनी मुलगी म्हणून तिला दारातून परत पाठवलं होतं. वडाच्या तालमीच्या कृष्णात वस्तादांनी मात्र एवढंच विचारलं होतं, "जोर किती मारतीस?" ही तालीम गेली, की भैरवीची कुस्ती संपली. हे तिला पक्कं माहीत होतं.

संयोगिता मोजमापं घ्यायची, तेव्हा टेपचं दुसरं टोक भैरवी धरायची आणि अखंड बडबडायची. आज मात्र ती गप्प होती. पण संयोगिताचं तिकडे लक्ष कुठलं? समोरून तालमीचे सचिव गणपतराव येत होते आणि त्यांच्या दोन्ही हातांवर पांढरी भुकटी होती.

"हात दाखवा!" संयोगिता ओरडली.

"अवो मॅडम, नमस्कार तर घ्या आधी," गणपतराव हात पाठीमागे घेत म्हणाले.

"दगडाची पूड आहे ना ती? गाळे बांधायचेत म्हणून अक्षरं छिललीत!"

"मी?" गणपतराव भडकले. "गाळं मला पायजेत, व्हय, पायजेत! तोंडावर सांगतो की. ठराव खिशात घेऊन फिरतोय, चोरून छिन्नी कशाला मारू?"

"मग हात पांढरे कशानं?"

गणपतरावांचा आवाज एकदम खाली आला. "मागची भिंत रंगवली. फकस्त मागची."

"काय?"

"पावणं येणार म्हटल्यावर भिंत तशीच ठेवायची व्हय? कोल्हापूरची काय इज्जत हाय का न्हाय? तुमी रंग लावू नका म्हटलासा, म्हणून पुढचं सोडलं आन् मागचं तेवढं केलं."

संयोगिता धावत मागे गेली. दीडशे वर्षांची चुन्याची भिंत पांढऱ्या डिस्टेंपरनं लख्ख न्हाऊन उभी होती. रंग अजून ओला होता.

"काल दुपारी मी अर्धा तास घसा कोरडा करून सांगितलं," ती कपाळाला हात लावून म्हणाली, "जुनं ते जुनंच दिसू द्या. अर्धा तास, गणपतराव!"

"जुनं दिसणं येगळं आन् घाण दिसणं येगळं, मॅडम."

या माणसाशी वाद म्हणजे म्हशीपुढे वीणा. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. पांढरी भुकटी दगडाची नव्हती. मग दगडाची पूड गेली कुठे? संयोगिता परत दाराशी आली आणि गुडघ्यांवर बसून अंगण न्याहाळू लागली. पूड सोडा, दगडाची एक कपचीसुद्धा नव्हती, नुसते सिमेंटचे चार तुकडे.

३

"तानाबाई, आज अंगण झाडलंत का तुम्ही?"

तालमीसमोरच तानाबाईंचं घर होतं. त्या रोज पहाटे दारातच म्हशीची धार काढायच्या आणि मग तालमीचं अंगण झाडायच्या.

"झाडू कशानं? खराटा तुमच्या गणपतरावानं न्हेलाय, भित्तीची जळमाटं काढाय," तानाबाई कडाडल्या. "आन् मला इचारतीस व्हय अंगण का झाडलं न्हाय म्हणून? म्या काय नोकर हाय तालमीची?"

"तसं नाही हो. पहाटे छिन्नी-हातोड्याचा आवाज आला का?"

"अगं बया, छिन्नी वाजली असती तर सगळा बोळ जागा झाला असता. म्हस ही असली भित्री! ती आज एकदाच बिचकली. अर्धी चरवी सांडली माझी. नुकसान कोण देणार, तुझी समिती?"

"कशानं बिचकली?"

"धप्प झालं कायतरी. एकदाच. त्या पोरांचं रोजचंच की. कोण कुणाला आपटलं म्हणून कोण बघाय जातंय?"

"आवाज आखाड्यातून आला की दारातून?"

"धारंला बसल्यावर माझं ध्यान म्हशीकडं का तुझ्या दाराकडं?" तानाबाईंनी चरवी उचलली, आणि जाता जाता म्हणाल्या, "पर आखाड्यातला आवाज मऊ येतोय, मातीचा. ह्यो तसला नव्हता."

साडेनऊ वाजले होते. संयोगिताला आता तीन गोष्टी कळल्या होत्या आणि एकही दुसरीशी जुळत नव्हती. घाव आहेत, पण पूड नाही. घाव शेकडो आहेत, पण आवाज एकच. आणि हे सगळं पहाटे, म्हणजे तालमीत माणसं असताना झालं.

त्या वेळी तालमीत सगळ्यांत आधी कोण येतं, हे बोळातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

४

कृष्णात वस्ताद आखाड्याच्या काठावर बसून माती चाळत होते. मातीत ताक, तेल, हळद घालून ती मऊ करायची आणि बारीकसा खडासुद्धा राहू द्यायचा नाही, हे काम ते कुणाला करू देत नसत. साठी उलटलेला माणूस, पण मान अजून खांबासारखी.

"वस्ताद, पहाटे पायरीपाशी काय झालं?"

"काय हुतंय?"

"अक्षरं कुठे गेली?"

वस्तादांनी चाळणी हलवली. "दगड जाग्यावर हाय. अक्षरं बी जाग्यावर हायती. तुमी च्या घेतलासा काय?"

"मला चहा नको! मला उत्तर द्या!"

"दिलं की."

संयोगिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, दीड तासात समिती येईल. ही तालीम पाडतील! तुमचा आखाडा, ही माती, ही पोरं, काही राहणार नाही. आणि तुम्ही माझी थट्टा करताय? कुणाला पाठीशी घालताय तुम्ही?"

चाळणी थांबली. वस्तादांनी एकदा दाराकडे पाहिलं. तिथे भैरवी उभी होती. मग ते पुन्हा माती चाळू लागले.

"फोटू हायत न्हवं तुमच्याकडं?" ते म्हणाले. "मग फोटू दावा. सायेब लोक जाऊ द्यात, मग बगू."

"मग बघू म्हणजे काय बघू?"

वस्तादांनी चाळणीत नवी माती ओतली. आता पहार लावली तरी त्यांच्या तोंडातून शब्द निघणार नव्हता.

५

संयोगिता पायरीसमोर येऊन फतकल मारून बसली. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता, आणि घसा बसला की माणसाचं डोकं जरा चालू लागतं.

तिनं पहिल्यांदाच ते घाव नीट पाहिले. आईनं पाट्याला छिन्नीनं नवी टाकी लावून घेतली, की पाटा कसा पांढुरका दिसतो? काळ्या दगडावरचा ताजा घाव तसाच फिकट असतो. हे घाव मात्र काळे होते. ओल्या फडक्यानं कुणीतरी दगड पुसला होता, तरी खाचांतून जुनी माती गच्च बसलेली होती. नखानं उकरली तर निघेना. पहाटे मारलेल्या घावात दीडशे वर्षांची माती कशी भरेल?

तिनं पिशवीतून मोजमापांची वही काढली. पायरीची उंची, जमिनीपासून वरच्या कडेपर्यंत: अठरा सेंटिमीटर.

"भैरवी, टेपचं टोक धर."

भैरवी पुढे आली. तिच्या उजव्या हाताचं बोट चिंधीनं बांधलेलं होतं. तिनं टेप धरला, वाकून आकडा पाहिला, आणि पुन्हा एकदा पाहिला.

"किती?"

तिला अठरा म्हणता आलं असतं. आजवर ती सांगेल तो आकडा संयोगितानं डोळे झाकून लिहिला होता.

"ताई, साडेएकोणीस," भैरवी म्हणाली.

छिललेला दगड झिजतो, मुलांनो. तो दीड सेंटिमीटर वाढत नाही.

संयोगितानं वही मिटली. आता तिला कालची संध्याकाळ आठवली. अंगणभर तांबड्या मातीची पावलं होती. पायरीच्या अलीकडे होती, पलीकडे होती, पायरीवर एकही नव्हतं. गेले पंधरा दिवस सगळे पैलवान या पायरीवरून लांब टांग टाकून आत जात होते. तिला वाटलं होतं, पोरं किती शहाणी, दगड झिजू नये म्हणून जपतात.

दगड झिजू नये म्हणून?

"अरे देवा," ती हळूच म्हणाली. या वेळी ती दुसऱ्या कुणावर चिडली नव्हती. "हे तर माझंच कर्तृत्व आहे."

६

वस्ताद दारात येऊन उभे होते.

"बसा वस्ताद," संयोगिता म्हणाली. "मी सांगते, चुकलं तर थांबवा. अक्षरं कुणी छिलली नाहीत, म्हणून पूड नाही. दगड पहारीनं उचकटला आणि उलटा पाडला, म्हणून आवाज एकच, धप्प. हे घाव दीडशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाचे. दगडाची खालची बाजू कुणाला दिसणार नाही म्हणून त्यानं ती खडबडीत सोडली. घाईत दगड नीट बसला नाही, म्हणून पायरी वर आली. अक्षरं जागेवर आहेत, तुम्ही खोटं बोलला नाहीत. ती पालथी आहेत."

वस्तादांनी होकारार्थी मान हलवली.

"मी वाचून दाखवेपर्यंत तुम्ही सगळे त्या दगडावर बिनधास्त पाय देत होता. मीच म्हटलं, हिच्यावर पाय देऊ नका. मी दगडासाठी म्हटलं. तुम्ही..."

"बाळाबाईसाठी ऐकलं," वस्ताद म्हणाले. "जिनं जागा दिली तिच्या नावावर पाय द्याचा? कागदाला पाय लागला तर आमी पाया पडतोय. पंधरा दिस टांग टाकून जातोय. आज सात सायेब बुटासकट येणार. त्यांस्नी मी कुठल्या तोंडानं सांगू, टांग टाका म्हणून? एकाद्याचं गुडघं धरल्यालं असनार, एकाद्याचं प्वाट फुडं. म्हटलं, तासभर नाव पालथं ठेवावं, ते गेलं की सुलटं करावं."

"पण ते तेच तर बघायला येतायत!"

"आमाला वाटलं, तालीम बघाय येत्यात."

संयोगितानं डोळे मिटले. समिती कशासाठी येणार, हे तिनं गणपतरावांना तीनदा लिहून दिलं होतं. वस्तादांना एकदाही सांगितलं नव्हतं.

"आणि सकाळी का नाही बोललात?"

तेव्हा भैरवी पुढे झाली. तिचा चेहरा रडवेला होता, पण आवाज ठाम होता.

"पहारीखाली टेकूचा दगड मी सारला, ताई. माझं बोट चेमटलं. तुम्ही म्हटलासा, नाव पोलिसांत देणार, तालमीत पाऊल टाकू देणार न्हाय. म्हणून वस्ताद बोललं न्हाईत."

बोळाच्या तोंडाशी गाडीचा हॉर्न वाजला. गणपतराव पळत आले.

"मॅडम, पावणं आलं! पाच मिण्टं लवकर आलं की हो!"

"गणपतराव," संयोगिता उठली, "बाह्या वर करा."

७

समितीची सात माणसं बोळ चालून आली, तेव्हा गाळ्यांचा ठराव खिशात घेऊन सचिव गणपतराव पहारीला लोंबकळत होते आणि वस्ताद त्यांना म्हणत होते, "जोर लावा, भित रंगवताय व्हय?" दगड उभा झाला, डुलला आणि पाठीवर पडला. समोर तानाबाईंच्या म्हशीनं दोरी ताणली.

बाळाबाईचं नाव उजेडात आलं.

समितीच्या प्रमुख बाई वाकल्या. त्यांनी फाइलमधून संयोगितानं पाठवलेला फोटो काढून दगडाशेजारी धरला. "हे सगळं जुळतंय. पण खाली आणखी एक ओळ आहे. फोटोत ती नाही."

पहाटे कडेचं सिमेंट फुटलं होतं, त्याखालची जागा मोकळी झाली होती. संयोगिता गुडघ्यांवर बसली. तिनं हातानंच माती बाजूला केली आणि एकेक अक्षर लावत वाचलं:

"'तालमीचे लेकरांची पायधूळ माझे नावावर नित्य पडो.'"

वस्तादांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग तिसऱ्यांदा.

"म्हंजे तिनंच सांगितलंतं," ते म्हणाले, "पाय द्या म्हणून?"

"म्हणूनच तिनं नाव पायरीवर कोरून घेतलं, वस्ताद. भिंतीवर नाही."

प्रमुख बाई वहीत लिहीत होत्या. "मूळ दगड, मूळ जागी, जागा दिल्याचा उल्लेख. तालीम यादीत घ्यायला मला अडचण दिसत नाही." गणपतरावांनी खिसा चाचपला आणि हात काढून घेतला.

एवढ्यात खरोखरच गुडघे धरलेले एक साहेब म्हणाले, "पण आता इतका दुर्मीळ लेख असा पायदळी ठेवता येणार नाही. यावर काच बसवा. नाहीतर दगड संग्रहालयात हलवा, आणि इथे दुसरी पायरी करा."

"काच?" संयोगिताचा आवाज पुन्हा चढला. "अहो, आत्ता काय वाचलं आपण?"

"मॅडम, झिजेल तो."

"झिजायलाच ठेवलाय तिनं!"

"नियम असतात."

"मग नियम त्या दगडाला वाचून दाखवा!"

दोघंही हट्टाला पेटले. बाकीचे पाच काचेची जाडी किती असावी, यावर बोलू लागले. पायरी मधोमध पडली होती आणि तिच्यावरून आत कसं जावं, हे साहेबांना कळेना, पैलवानांना कळेना, वस्तादांनाही कळेना. नाव कळलं होतं, ओळ कळली होती, पण पंधरा दिवसांची सवय पायांतून जात नव्हती.

भैरवीनं संयोगिताकडे पाहिलं. मग वस्तादांकडे.

ती बाजूच्या खिडकीच्या चौकटीवर चढली, आत उडी मारली आणि आखाड्यात उतरली. वस्तादांनी नुकत्याच चाळलेल्या मातीत तिनं दोन्ही पाय घोट्यापर्यंत घोळले. मग ती आतून दाराशी आली, सात साहेबांच्या समोर उभी राहिली, वाकून तिनं दगडाला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि उजवा पाय उचलून बाळाबाईच्या नावावर नीट, पूर्ण टेकवला.